शिरसाठ बाईंचं कामचाटका

शिरसाठ बाई नव्या माणसाला आधी गाव विचारायच्या आणि लगेच पुढे विचारायच्या, "पाणी कुठलं?" मी दोह्याला त्यांच्या घरी कामाला आले त्या सकाळी मलाही त्यांनी हेच विचारलं. मी निफाड तालुक्यातली. म्हटलं, कालव्याचं पाणी आहे. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, म्हणजे तुझ्या गावात गहू, ऊस आणि बांधावरून भांडणं. तिन्ही खरी होती. मी हसले, आणि परक्या देशातली माझी भीती तेवढ्यापुरती कमी झाली.

बाईंनी सारा जन्म सिन्नरच्या शाळेत भूगोल शिकवला. माणसाचा स्वभाव असो की देशाची हवा, कुठलं पाणी त्याच्या अंगाला लागून वाहतं ते आधी बघा, असं त्यांचं म्हणणं. यजमान गेल्यावर मुलगा त्यांना दोह्याला घेऊन आला. मुलगा संजयदादा इंजिनियर, सून प्राचीवहिनी एका ऑफिसात, आणि नात अन्वी इंग्रजी शाळेत. ओल्ड एअरपोर्ट भागात तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. दिवसभर घरी बाई एकट्या, म्हणून मला आणलेलं. स्वयंपाक करायचा आणि बाईंवर लक्ष ठेवायचं, हे माझं काम.

लक्ष ठेवायचं म्हणजे काय, ते मला सुरुवातीला कळलं नव्हतं.

बाई बुटक्या, गोऱ्या आणि आवाजाला मोठ्या होत्या. घरातही साडी नीट पिन लावून नेसायच्या, जणू आता घंटा होणार आहे. चष्मा दोरीला बांधून गळ्यात. काही सांगायचं झालं की उजव्या हाताचं पहिलं बोट वर व्हायचं आणि भिंतीवर नसलेल्या नकाशावर फिरायचं. दोह्यात त्यांना फक्त दोन गोष्टी आवडायच्या. एक, टीव्हीवरचं जगाचं हवामान. दुसरी, माझी कणीक.

कणकेचं असं झालं. एकदा मी पोळ्यांची कणीक मळत होते. बाई ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. माझं शिक्षण विचारलं. मी म्हटलं, चौथी. तिसरीला जिल्हा झाला, चौथीला महाराष्ट्र झाला, पुढे भारत आणि जग होतं ते राहिलं. बाईंनी कणकेचा मोठा गोळा उचलला, ओट्यावर थापला आणि म्हणाल्या, "मग बस. भारत तू पाहिलेला आहेस. आपण लांबून सुरू करू."

असं माझं जग कामचाटकापासून सुरू झालं.

रशियाच्या पार पूर्वेच्या टोकाला, जिथे आशिया संपतो, तिथे हे द्वीपकल्प खाली समुद्रात लोंबतं. बाई ते कणकेचं करायच्या, आंब्याच्या पानासारखं, मधे रुंद आणि दोन्हीकडे निमुळतं. मग चिमटीने मधोमध डोंगरांची रांग उभी करायच्या, उजव्या कडेने दुसरी. दोन रांगांच्या मधे बोट फिरवून नदी. उजव्या रांगेवर कणकेचे सुळके काढायच्या, ते ज्वालामुखी. वरून मीठ भुरभुरायच्या, ते बर्फ. आजही धूर सोडणारे डोंगर आहेत तिथे, म्हणायच्या, वर बर्फ आणि आत आग. जमिनीतून उकळत्या पाण्याचे फवारे उडतात आणि शेजारी अस्वलं नदीत उभी राहून मासे धरतात. डावीकडचा समुद्र हिवाळ्यात गोठतो. उजवीकडून उत्तरेचं गार पाणी वाहत येतं, म्हणून उन्हाळा आला तरी किनाऱ्यावर धुकं आणि गारठा. आतल्या खोऱ्यात मात्र दोन्हीकडचे डोंगर वारा अडवतात, तिथे जरा ऊब असते, बटाटे पिकतात.

इंग्लंड जितकं उत्तरेला, साधारण तितकंच हे उत्तरेला. पण इंग्लंडला कोमट पाणी लाभलं आणि याला गार. "एका रेघेवर जन्मलेल्या दोन बहिणी," बाई म्हणायच्या, "एकीला सासर चांगलं मिळालं."

मी एकदा धीर करून विचारलं, की बाई, तुम्ही गेला होतात का तिथे? त्या म्हणाल्या, मी नाशिकच्या पलीकडे कुठे गेले होते? मग हाच मुलूख का, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी सांगितलं, की नव्या नव्या शिकवायला लागल्या तेव्हा पुस्तकात कामचाटकाबद्दल एकच ओळ होती. तिथे ज्वालामुखी आहेत, एवढीच. एवढा मोठा मुलूख, तिथे माणसं राहतात, मरतात, लग्नं करतात, आणि त्याला एक ओळ. त्यांना राग आला. मग वाचनालयातून मिळेल ते आणून वाचत राहिल्या, आणि दरवर्षी त्या एका ओळीवर आठवडाभर शिकवायच्या. हेडमास्तर म्हणायचे, बाई, परीक्षेत येत नाही हो ते. बाई म्हणायच्या, परीक्षेत तर तुम्हीही येत नाही.

धडा संपला की त्या कणकेच्याच मी पोळ्या करायची. मीठ भुरभुरलेलं असायचं म्हणून त्या जरा खारट लागायच्या. दादा जेवताना म्हणायचे, आज मीठ जास्त पडलं का मंदा? बाई म्हणायच्या, नाही, आज बर्फ जास्त झाला.

या गमती दिवसाच्या. पण बाईंना एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे सिन्नरला शिक्षक कॉलनीतल्या स्वतःच्या दोन खोल्यांत परत जाणं. त्या दादांना हे सरळ सांगायच्या, न रडता, न रागावता. दादाही नाही म्हणायचे नाहीत. आधी म्हणाले, उन्हाळा जाऊ दे. मग व्हिसा रिन्यू होऊ दे. मग अन्वीची परीक्षा. प्रत्येक वेळी शेवटी म्हणायचे, जाऊ आई, इन्शाल्ला. बाई मला स्वयंपाकघरात येऊन सांगायच्या, "अरबीतला पहिला शब्द मला कळला मंदा. इन्शाल्ला म्हणजे नाही."

दादा वाईट नव्हते. आईला काही झालं तर कोण बघणार, ही त्यांची भीती खरी होती. बाईंचा पासपोर्ट त्यांच्या कपाटात होता, माझाही तिथेच. त्या काळी मला देशाबाहेर जायचं तर दादांची सही लागायची. बाईंना म्हणे तशी काही गरज नव्हती. पण अडकल्या त्याही होत्या. मला निदान माहीत होतं की दर दोन वर्षांनी मला रजा आहे.

घर छान होतं. पण खिडक्या उघडायच्या नव्हत्या. काचेला हात लावला की बाहेरची भट्टी तळहाताला कळायची आणि पाठीवर एसीचा गारवा असायचा. खाली सगळीकडे खोदलेलं. फुटबॉलचा वर्ल्ड कप येणार म्हणून मेट्रो, पूल, रस्ते. क्रेनी इतक्या, की बाई म्हणायच्या, इथे झाडं नाहीत ती उणीव यांनी भरून काढली.

मी गेले त्याच्या पुढच्या रमजानात शेजारच्या देशांनी कतारशी संबंध तोडले. कतारही द्वीपकल्पच, तीन बाजूंनी समुद्र, आणि चौथीकडून बाहेर जाणारा एकच रस्ता होता तो बंद झाला. दुकानातलं दूध संपलं. वहिनी ऑफिसातून परस्पर धावत जाऊन पिठाच्या गोण्या, तेल, बटाटे घेऊन आल्या. दादांचा फोन सारखा वाजत होता. घरात फक्त बाई शांत होत्या. त्यांनी माझ्याकडून कणीक मागून घेतली, अंगठ्याएवढं कतार केलं, आणि जिथे ते जमिनीला जोडलेलं तिथे सुरी ठेवली. "कामचाटकाला बाहेरून रस्ता नाहीच," त्या म्हणाल्या. "कधीच नव्हता. विमानाने जा नाहीतर बोटीने जा. लोक राहतात की." वहिनी थकलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, आई, तिथल्या लोकांना दुधाची लाइन नाही लावावी लागत. बाई म्हणाल्या, त्यांना बर्फ बाजूला करून आधी दार उघडावं लागतं, मग लाइन.

चार-सहा दिवसांत दूध आलं, दुसऱ्या देशाचं. पण दादांना नवं कारण मिळालं. परिस्थिती निवळू दे आई, मग जाऊ.

दादा आणि बाई पोटभर बोलले असं मी एकदाच पाहिलं. दादांची कंपनी स्टेडियम थंड करायचं काम करत होती. उघडं मैदान, वर आकाश, आणि आत गार हवा. बाईंना ते पटेना. सुट्टीच्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी दादांची उलटतपासणी घेतली. गार हवा जड असते, ती खाली बसेल हे कबूल, पण वारा आला की तो ती उचलून नेणार नाही का? दादा खुलले. त्यांनी ताटातल्या वाट्या सरकवून स्टेडियम मांडलं, वारा कुठून येतो, छपराचा उतार कसा आहे, गार हवा खुर्च्यांखालून कशी सोडतात, ती वाटीतल्या आमटीसारखी तळाशी कशी राहते. बाई मधे मधे शंका काढत होत्या. दादा म्हणाले, आई, तू आमच्या मीटिंगला ये, तिथे कुणी एवढं विचारत नाही. दोघं किती वेळ बसले होते. अन्वी कोचावरून बघत होती, म्हणाली, "You guys are so weird." बाईंनी मला विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, बरं म्हणाली काहीतरी. मला तरी कुठे कळलं होतं.

मग ते फिरायला जाण्याचं झालं.

ऑगस्टात तिथे हवा ओली होते. चष्म्यावर दव धरतं. एका संध्याकाळी मी कपड्यांना इस्त्री करत होते आणि बाई मला न सांगता लिफ्टने खाली गेल्या. वारा कुठून येतोय ते बघायचं होतं त्यांना. कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं, एवढंच. पण जाताना ज्या गल्लीतून गेल्या, ती त्या परत येईपर्यंत मजुरांनी अडथळे लावून बंद केली. मेट्रोचं काम. पत्र्याच्या उंच भिंती उभ्या राहिल्या. बाई भिंतीच्या कडेकडेने चालत राहिल्या, दुकानं ओळखीची लागेनात. शेवटी एका नेपाळी मजुराने त्यांना सावलीत बसवलं, पाणी दिलं, आणि त्यांनी सांगितलेल्या इमारतीच्या नावावरून आणून सोडलं. तोवर आम्ही सगळे जिन्यात उभे. दादांचा चेहरा पांढरा पडलेला.

बाई घामाने भिजल्या होत्या, पण डोकं जागेवर होतं. "रस्ता मी विसरले नाही संजू," त्या म्हणाल्या. "रस्ता बदलला."

दादांना ते ऐकू गेलंच नाही. दुसऱ्या आठवड्यात ते बाईंना विसरभोळेपणाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. बाईंची पिशवी आणि शाल धरायला मी बरोबर होते. डॉक्टर तरुण आणि गोड बोलणारे, हिंदीत बोलत होते. त्यांनी सांगितलं, मी साधे प्रश्न विचारीन, घाबरू नका.

बाई घाबरल्या नव्हत्या. मला आठवतं, त्या खुर्चीत पुढे सरकून बसल्या. कुणीतरी आपल्याला भूगोल विचारतंय याचा त्यांना आनंद झाला होता.

आज वार कोणता? बाई म्हणाल्या, शुक्रवार, पण इथे त्याला रविवार मानतात. डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं. कुठल्या देशात आहात? बाईंनी सांगितलं, द्वीपकल्पात, आणि मग ते नीट समजावून सांगितलं. आधी काय होतं, आता काय आहे, जमिनीचा रस्ता बंद असताना याला बेट म्हणायचं की द्वीपकल्प. दादा म्हणाले, आई, फक्त नाव सांग. मग डॉक्टरांनी विचारलं, सध्या ऋतू कोणता?

"कुठला?" बाई म्हणाल्या. "बाहेरचा की खोलीतला?"

डॉक्टरांनी परत लिहिलं. मग कागद पुढे करून म्हणाले, एक घड्याळ काढा. बाईंनी पेन हातात घेतलं आणि विचारलं, इथलं काढू की भारतातलं? आणि कुणी उत्तर द्यायच्या आत दोन्ही काढली, शेजारी शेजारी, काटे अगदी बरोबर. मला त्यांचा अभिमान वाटला. दादांनी हाताने डोळे झाकले होते.

डॉक्टरांनी दादांना बाजूला घेतलं. थोडा गोंधळ दिसतोय, काळजीचं कारण नाही, पण एकटीने प्रवास नको, एकटीने राहणं तर नकोच.

येताना गाडीत बाई काचेतून बाहेर बघत होत्या. दादा पुढे, आम्ही दोघी मागे. सिग्नलला गाडी थांबल्यावर हळूच मला म्हणाल्या, "पेपर सोपा होता मंदा. मी जादा लिहिलं."

त्यानंतर दाराला वर एक कडी बसली, बाईंचा हात पोचणार नाही अशी. माझा पोचायचा. वहिनींनी मला बजावून सांगितलं. मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? लक्ष ठेवायचं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

बाई कडीबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. पण धडे बदलले. आता त्या मला कामचाटकाचा हिवाळा सांगायला लागल्या. बर्फ खिडकीच्या वर चढतं, मग दिवसासुद्धा घरात अंधार. वादळ सुरू झालं की दिवसच्या दिवस कुणी बाहेर पडत नाही. आणि मग अस्वलांचं सांगायच्या, की ती बिळात शिरतात आणि हिवाळाभर झोपून राहतात. "त्यांना कुणी डॉक्टरकडे नेत नाही," म्हणायच्या. मी हसायची, पण आता कणकेत डोंगर उभे करताना त्यांची चिमूट सैल पडायची. एकेका दिवशी मधेच थांबायच्या आणि म्हणायच्या, घे, लाट पोळ्या.

दादांचं काम वाढत गेलं. रजा कुणालाच नव्हती. आता एकच उत्तर होतं, वर्ल्ड कप होऊ दे. वहिनीही तेच म्हणायच्या, शाळाही, टीव्हीही. मग तो रोग आला आणि विमानंच बंद झाली. माझी रजा गेली. बाईंनी दादांना विचारणं सोडून दिलं. मला वाटलं, खलास, आता बाई इथेच.

विमानं परत सुरू झाली, सुया टोचून झाल्या, आणि माझ्या रजेचं निघालं. जेवताना दादा म्हणाले, मंदा, तू महिनाभर जाऊन ये. बाई खाली बघून भात कालवत होत्या. तशाच, वर न बघता म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले एकटीने नको. ही बरोबर असली की मी एकटी नाही."

मग अन्वी बोलली. ती आता मोठी झाली होती. मराठीत बोलली, अडखळत. "जाऊ दे ना आजीला, बाबा." दादांनी तिच्याकडे बघितलं, मग आईकडे. म्हणाले, एक महिना. मंदाबरोबर जायचं, मंदाबरोबर यायचं.

विमानात बाई खिडकीशी बसल्या होत्या. मला वाटलं, त्या मला खालचे देश सांगतील. पण खाली उतरेपर्यंत नुसत्या बघत होत्या.

त्यांना सिन्नरला पोचवून, घर झाडून, पाण्याचा नळ दुरुस्त करून मी माझ्या गावी गेले. महिन्याने त्यांना न्यायला आले ती मुंबईची टॅक्सी घेऊनच. सकाळची वेळ होती. घरासमोर सडा पडलेला. बाई आतून आल्या तेव्हा मी ओळखलंच नाही, दोह्याला शेवटी शेवटी धरायच्या ती काठी नव्हती हातात. रंग उन्हाने रापला होता. मी आत जाऊन पाहिलं. बॅग कपाटावर होती, रिकामी.

मी विचारलं, बाई, तुमचं सामान?

"मी येत नाही," त्या म्हणाल्या. "सहा महिने बाहेर राहिलं की तिथलं राहण्याचं कार्ड आपोआप रद्द होतं. मी चौकशी केलीय. तेवढे सहा महिने काढायचे, मग कुणाला काही करावं लागणार नाही."

दादांना मी काय सांगणार होते? बाईंनी ते ओळखलं. माझाच फोन घेतला आणि माझ्यासमोर दादांना व्हिडिओ लावला. दादा साइटवर होते, डोक्यावर हेल्मेट, मागे पिवळ्या गाड्या. बाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. दादा आधी ओरडले, मग आवाज उतरला. म्हणाले, आई, तू पडलीस तर? तुला कोण उचलणार?

"शेजारचे उचलतील," बाई म्हणाल्या. "नाही उचललं तर पडून राहीन. पण कुठे पडले ते मला माहीत असेल."

दादा रडायला लागले. एवढा मोठा माणूस, मागे मजूर चाललेत. मला बघवेना, मी बाहेर ओट्यावर गेले. आतून ऐकू येत होतं. दादा म्हणत होते, वर्ल्ड कप झाला की मी स्वतः न्यायला येतो. बाई म्हणाल्या, "ये ना. न्यायला नको, राहायला ये. अन्वीला आण." मग मंदाला बोलू नकोस, तिचा यात काही हात नाही, असंही सांगितलं. फोन बंद करून त्यांनी मला दिला. चष्मा पुसायला त्या मोरीकडे गेल्या आणि बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. त्यांना सोपं गेलं असं मला वाटत नाही.

मग बाहेर आल्या तेव्हा हातात पिशवी आणि छत्री होती. आठवडे बाजाराचा दिवस होता. म्हणाल्या, उशीर झाला की भाजी उरलेली मिळते, मी निघते. ड्रायव्हरला चहा दे, किल्ली शेजारी ठेव. मी पाया पडायला वाकले तर माझ्या दंडाला धरून उभं केलं. एवढंच. निघाल्या.

मी ड्रायव्हरला चहा दिला, कप विसळले, किल्ली शेजारच्या बाईंकडे दिली. टॅक्सी कॉलनीतून मोठ्या रस्त्याला लागली. बाजाराकडे माणसं चालली होती, बैलगाडी, मोटरसायकली, शेळ्या. त्या गर्दीत मला बाई दिसल्या, पाठमोऱ्या, छत्री उघडून, रस्त्याच्या कडेने भराभर चालताना. ड्रायव्हरने हॉर्न दिला. बाई मागे न बघता दोन पावलं बाजूला सरकल्या आणि आमची गाडी पुढे गेली.

"त्याच ना तुमच्या बाई?" ड्रायव्हर म्हणाला. "थांबू का?"

मी म्हटलं, नको. त्यांना बाजाराला उशीर होतोय.